डोळे आपले, पंख परक्यांचे

बेळगाव, हुबळी, कोल्हापूर यांसारखी शहरे मोठ्या शहरांशी हवाई मार्गाने जोडण्याच्या हेतूने कोल्हापूरच्या एका उद्योगसमूहाने २०१९ मध्ये ‘स्टार एअर’ ही विमान कंपनी सुरू केली, तेव्हा तिने ब्राझीलमध्ये तयार झालेली ५० आसनांची छोटी जेट विमाने वापरात आणली. सडपातळ धडाचे आणि शेपटीजवळ दोन इंजिने असलेले हे विमान म्हणजे एम्ब्राएर कंपनीचे ईआरजे-१४५. कामानिमित्त या विमानाने जाणाऱ्या व्यापाऱ्यांपैकी, अधिकाऱ्यांपैकी आणि विद्यार्थ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल की, नेमक्या याच जातीचे विमान, आसने काढून टाकून आणि पाठीवर रडारची लांबट तुळई बसवून, भारतीय हवाई दलात सीमेवरील पहाऱ्याचे काम करीत आहे. त्याचे नाव ‘नेत्र’.

या नावाला साजेसे काम या विमानाने केले आहे, याबद्दल शंका नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोट येथील हल्ल्याच्या वेळी आकाशातून लक्ष ठेवण्याचे काम ‘नेत्र’ने केल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले आहे. मार्च २०२५ मध्ये संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील संरक्षण सामग्री खरेदी परिषदेने ५४ हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीच्या ज्या आठ प्रस्तावांना प्राथमिक मान्यता दिली, त्यांत हवाई दलासाठी पूर्वसूचना देणाऱ्या आणि नियंत्रण करणाऱ्या विमानांचाही समावेश आहे. अशी विमाने वाढली पाहिजेत, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु या निमित्ताने जो प्रश्न विचारावयास हवा, तो किती विमाने घ्यावयाची एवढाच नाही. भारतीय शास्त्रज्ञांनी तयार केलेला हा डोळा बसवावयाचा कशावर, हा खरा प्रश्न आहे. ज्या ईआरजे-१४५ वर तो आज बसविला आहे, त्या विमानाचे उत्पादन त्याच्या निर्मात्याने बंद केले आहे.

या विमानाची गरज का भासते, हे समजून घेण्यासाठी शाळेतील भूगोलाचा पहिला धडा पुरेसा आहे. बंदरावर उभ्या असलेल्या माणसाला येणाऱ्या जहाजाची प्रथम डोलकाठी दिसते आणि मग जहाज दिसते, कारण पृथ्वी गोल आहे. रडारचे किरण जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे त्यालाही तीच मर्यादा पडते. जमिनीवरील रडारला १०० मीटर उंचीवरून येणारे शत्रूचे विमान सुमारे ४० किलोमीटर अंतरावर आल्याखेरीज दिसू शकत नाही. ताशी ९०० किलोमीटर वेगाने येणारे विमान हे अंतर तीन मिनिटांहून कमी वेळात कापते. डोंगराळ मुलुखात तर एवढाही अवधी मिळत नाही. तेच रडार ९ हजार मीटर उंचीवर नेले, तर क्षितिज सुमारे ३९० किलोमीटरपर्यंत मागे सरकते, आणि मिनिटांऐवजी जवळजवळ अर्ध्या तासाचा विचार करण्याची सोय होते. युद्धात या अवधीची किंमत किती असते, हे सांगावयास नको.

अशा कामासाठी लढाऊ विमान उपयोगी पडत नाही. रडार जड असते, त्याला भरपूर वीज लागते, ते तापते म्हणून त्याला थंड ठेवणारी यंत्रणा लागते, आणि त्याच्यासमोर पाच-सहा माणसांना तासन्‌तास डोळ्यांत तेल घालून बसावे लागते. अंगात जागा असलेले, माणसांना नीट श्वास घेता येईल असे, कमी इंधनात पुष्कळ वेळ हवेत राहणारे आणि ज्याचे सुटे भाग सहज मिळतील असे विमान म्हणजे प्रवासी विमान होय. म्हणूनच अमेरिकेने बोइंग-७०७ या प्रवासी विमानाच्या पाठीवर मोठी फिरती चकती बसवून आपले ‘सेंट्री’ विमान तयार केले आणि १९७७ पासून ते सेवेत आणले. भारतीय नौदलाची पी-८आय ही विमानेही बोइंग-७३७ या प्रवासी विमानापासून घडविलेली आहेत. अरक्कोणम आणि गोवा येथील तळांवरून ती हिंदी महासागरावर नजर ठेवतात.

अर्थात, आसने काढून रडार बसविले की काम झाले, इतके हे सोपे नाही. जगातील पहिले जेट प्रवासी विमान ‘कॉमेट’ ब्रिटनने बनविले आणि त्याच्यापासून पुढे ‘निमरॉड’ हे सागरी टेहळणीचे उत्तम विमान निघाले. परंतु त्याच ‘निमरॉड’ला हवाई पूर्वसूचनेचे विमान बनविण्याचा प्रयत्न मात्र साफ फसला. वर्षानुवर्षे कोट्यवधी पौंड खर्च केल्यावर डिसेंबर १९८६ मध्ये ब्रिटिश सरकारने तो प्रकल्प गुंडाळला आणि अमेरिकेचीच विमाने घेण्याचे ठरविले. विमान स्वतःचे, रडार स्वतःचे, अनुभव दांडगा, आणि तरीही अपयश! या पार्श्वभूमीवर भारतीय शास्त्रज्ञांनी जे साधले, त्याचे मोल अधिक ठरते.

त्यांना ते सहजासहजी साधलेले नाही. या क्षेत्रातील भारताचा पहिला प्रयत्न ‘नेत्र’च्या पुष्कळ आधीचा आहे. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेने कानपूर येथे बांधल्या जाणाऱ्या एचएस-७४८, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘अॅव्हरो’ म्हणून रुळलेल्या, पंख्याच्या प्रवासी विमानावर चकती बसवून १९९० मध्ये चाचण्या सुरू केल्या. बंगळुरू येथील हवाई प्रणाली केंद्र हे या कामाचे घर झाले. ११ जानेवारी १९९९ रोजी हे विमान अरक्कोणमजवळ कोसळले आणि त्यातील आठही जण मृत्युमुखी पडले. त्यांत चार जण शास्त्रज्ञ होते आणि चार जण हवाई दलाचे अधिकारी. एका अपघातात एका लहानशा विद्याशाखेचा मोठा भाग नाहीसा व्हावा, असाच हा प्रकार होता. प्रकल्प थांबला. पाच वर्षांनी, २००४ मध्ये, भारताने रशियन आयएल-७६ विमानांवर इस्रायली ‘फाल्कन’ रडार बसविलेली तीन विमाने सुमारे ११० कोटी डॉलरना घेण्याचा करार केला. त्यांतील पहिले २००९ मध्ये आले.

त्याच वर्षी, म्हणजे २००४ मध्ये, स्वदेशी प्रकल्पालाही पुन्हा मान्यता मिळाली. या वेळी शास्त्रज्ञांनी जुन्या ‘अॅव्हरो’चा हट्ट धरला नाही. २००८ मध्ये एम्ब्राएरशी तीन विमानांचा करार झाला. ब्राझीलमध्ये विमानाचे धड मजबूत करण्यात आले, इंधनाच्या जादा टाक्या बसविण्यात आल्या, हवेतल्या हवेत इंधन घेण्याची सोय करण्यात आली आणि पाठीवर रडार पेलण्याची व्यवस्था झाली. रडार, शत्रू-मित्र ओळखण्याची यंत्रणा, शत्रूचे संदेश टिपणारी साधने, मिळालेली माहिती जमिनीवर आणि लढाऊ विमानांकडे पोहोचविणारे दुवे, हे सर्व भारतात तयार झाले. पहिले विमान २०१२ मध्ये बंगळुरूला आले, फेब्रुवारी २०१७ मध्ये ते हवाई दलाला सुपूर्द झाले, आणि दुसरे २०१९ मध्ये. हे रडार फिरत नाही. ते दोन्ही बाजूंना प्रत्येकी १२० अंशांत पाहते. नाकासमोरचा आणि शेपटीमागचा भाग त्याच्या दृष्टीबाहेर राहतो, म्हणून सीमेला समांतर अशा येरझारा घालीत त्याला पहारा द्यावा लागतो. एका दमात ते सुमारे पाच तास हवेत राहते आणि वाटेत इंधन मिळाले तर नऊ तास. ‘फाल्कन’पेक्षा त्याची झेप लहान आहे, परंतु त्याचा खर्चही लहान आहे आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्याच्या डोळ्याची गुरुकिल्ली भारतीय हाती आहे.

येथवरची कहाणी अभिमानाची आहे. अडचण पुढे सुरू होते. ती समजण्यासाठी ‘नेत्र’चे पंख जेथून आले, त्या ब्राझीलकडे आणि कानपूरकडे एकाच वेळी पाहावयास हवे.

ब्रिटिश परवान्याने कानपूरला जोडलेले पहिले एचएस-७४८ विमान १ नोव्हेंबर १९६१ रोजी उडाले. एम्ब्राएर कंपनीची स्थापना ऑगस्ट १९६९ मध्ये झाली. म्हणजे जी कंपनी आज जगभर प्रवासी जेट विमाने विकते, ती जन्माला येण्यापूर्वी आठ वर्षे भारतात प्रवासी विमान तयार होत होते! त्याही मागे जावयाचे तर सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी बंगळुरूला विमानांचा कारखाना काढला तो १९४० मध्ये. जर्मनीत गटिंगेन येथे प्रांट्ल यांच्यासारख्या आचार्यांकडे शिकून आलेल्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली याच कारखान्यात एचटी-२ हे शिकाऊ विमान तयार झाले आणि ते १९५१ मध्ये उडाले. स्वातंत्र्यानंतर चार वर्षांत स्वतः आखलेले विमान उडविणारा हा देश होता. या शर्यतीत त्याने उशिरा प्रवेश केला, असे कोणालाही म्हणता येणार नाही.

मग ब्राझीलने वेगळे काय केले? पहिली गोष्ट अशी की, त्याने कारखान्याआधी शाळा काढली. साओ पावलोजवळील साओ जोसे दोस काम्पोस या गावी १९५० मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने विमानविद्येचे विद्यापीठ उभे राहिले. त्याच्या शेजारी संशोधन केंद्र वाढले आणि त्या केंद्रात आखलेल्या एका लहानशा पंख्याच्या प्रवासी विमानाचे, ‘बांदेइरांते’चे, १९६८ मध्ये उड्डाण झाल्यावर ते विमान बनविण्यासाठी पुढच्या वर्षी कंपनी स्थापन झाली. दुसरी गोष्ट अशी की, या लोकांनी लढाऊ विमानांच्या झगमगाटाकडे धाव घेतली नाही. लहान गावांना जोडणारे, थोड्या उतारूंचे, आखूड धावपट्टीवर उतरणारे विमान ही त्यांच्या विस्तीर्ण देशाची गरज होती आणि जगातील मोठ्या कंपन्यांचे तिकडे फारसे लक्ष नव्हते. तिसरी गोष्ट म्हणजे सातत्य. १९९० नंतर ही कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली, डिसेंबर १९९४ मध्ये सरकारने ती विकली, परंतु हाती घेतलेले ५० आसनांचे जेट तिने सोडले नाही. ऑगस्ट १९९५ मध्ये ते उडाले आणि त्याने कंपनीला तारले. या कुळातील हजाराहून अधिक विमाने जगभर विकली गेली.

ब्राझीलने त्याचा पुढचा उपयोग केला तोही लक्षात घेण्यासारखा आहे. ॲमेझॉनच्या सुमारे ५० लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर नजर ठेवण्यासाठी सुमारे १४० कोटी डॉलरची एक योजना आखण्यात आली आणि २००२ मध्ये ती कार्यान्वित झाली. चोरून आलेली विमाने, जंगलातील बेकायदा धावपट्ट्या, वृक्षतोड, हे सर्व टिपण्यासाठी ब्राझीलने याच ५० आसनी विमानाची टेहळणी विमाने बनविली. त्यांतील पाच स्वीडनचे रडार पाठीवर घेऊन आकाश पाहत आणि तीन जमीन पाहत. जून २००९ मध्ये रिओहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे विमान २२८ जणांसह अटलांटिक महासागरात नाहीसे झाले, तेव्हा त्याचे अवशेष शोधण्याच्या कामी यातलेच एक विमान उपयोगी पडले. प्रवासी विमानापासून निघालेले पहाऱ्याचे विमान असे प्रवाशांच्याच कामी आले.

दरम्यान कानपूरला काय झाले? ‘अॅव्हरो’ विमाने काही इंडियन एअरलाइन्सला आणि बरीचशी हवाई दलाला मिळाली. ८९ विमाने बांधून झाल्यावर ऐंशीच्या दशकात उत्पादन थांबले आणि त्याच्या जागी पुढचे विमान आले नाही. जर्मन परवान्याने डॉर्नियर-२२८ हे १९ आसनी विमान कानपूरला तयार होऊ लागले, आणि ते आपल्या परीने उपयुक्तही ठरले, परंतु तेही दुसऱ्याने आखलेलेच. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने ‘सारस’ हे लहान प्रवासी विमान आखले. ते २००४ मध्ये उडाले. मार्च २००९ मध्ये त्याचा एक नमुना कोसळून हवाई दलाचे तीन अधिकारी ठार झाले आणि काम वर्षानुवर्षे रखडले. ७० ते ९० आसनांच्या प्रादेशिक विमानाची कल्पना तर दीर्घकाळ अहवालांतच वावरत आहे. अरक्कोणमनंतरही काम थांबले आणि ‘सारस’च्या अपघातानंतरही थांबले. अपघात कोणत्या देशात होत नाहीत? ‘कॉमेट’ तर एकामागून एक कोसळली होती. ब्रिटिश तंत्रज्ञांनी अवशेष समुद्रातून काढले, कारण शोधले आणि चार वर्षांत नवे ‘कॉमेट’ अटलांटिक पार धाडले. अपघातातून शिकणे ही परंपरा असते आणि अपघातानंतर फाइल बंद करणे ही सवय असते. भारतात दुर्दैवाने सवयीचा जोर अधिक ठरला.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचार करण्याजोगा आहे. आजच्या जगात सर्व काही स्वतःच बनविण्याचा आग्रह कशासाठी? स्वीडन आपले रडार ब्राझीलच्या आणि कॅनडाच्या विमानांवर बसवितो. इस्रायल आपले रडार अमेरिकी विमानांवर बसवितो. त्यांचे काही अडत नाही. ज्याला जे उत्तम जमते, ते त्याने करावे, बाकीचे बाजारातून घ्यावे, यात कमीपणा कसला? शिवाय ५० आसनी विमान आखून, त्याला जगभर मान्यता मिळवून, ते विकण्यासाठी जो पैसा लागेल, त्यात अशी किती तरी विमाने विकत घेता येतील.

हा हिशेब शांततेच्या काळापुरता बरोबर आहे. परंतु हवाई पूर्वसूचनेचे विमान ही शांततेच्या काळापुरती वस्तू नव्हे, आणि त्याचा बाजार हा भाजीबाजार नव्हे. याचा धडा चीनला मिळाला. चीनने इस्रायलकडून हेच ‘फाल्कन’ रडार घेण्याचे ठरविले होते. रशियन विमानही त्यासाठी इस्रायलला पोहोचले होते. जुलै २००० मध्ये अमेरिकेच्या दडपणामुळे इस्रायलने तो करार मोडला. चीनने हात चोळीत न बसता त्याच जातीच्या रशियन विमानावर स्वतःचे रडार बसविले आणि पुढे ते काम स्वतःच्या वाहतूक विमानांवर नेले. भारतालाही असा अनुभव नाही असे नाही. मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने घातलेल्या निर्बंधांमुळे ‘तेजस’ लढाऊ विमानाच्या नियंत्रण-यंत्रणेवर अमेरिकेत काम करीत असलेल्या भारतीय अभियंत्यांना परतावे लागले होते. ब्राझीलने भारताशी असे वर्तन केलेले नाही, हे नमूद केले पाहिजे. परंतु विक्रेता कितीही सज्जन असला, तरी त्याचे व्यापारी निर्णय तो आपल्या सोयीने घेतो. ५० आसनांच्या विमानाला गिऱ्हाईक राहिले नाही, तेव्हा एम्ब्राएरने ते बनविणे बंद केले. यात त्याचा दोष नाही. मात्र त्यामुळे त्याच जातीच्या विमानावर आणखी ‘नेत्र’ उभारावयाचे झाले तर इतरांनी वापरून सोडलेली विमाने शोधत हिंडावे लागेल. पुढील आवृत्तीसाठीही एअर इंडियाच्या ताफ्यातील सहा जुनी एअरबस विमाने मुक्रर झाली आहेत. ती मोठी आहेत, चांगली आहेत आणि अशी काटकसर एका मर्यादेपर्यंत शहाणपणाचीही आहे. परंतु ज्या देशाला हजारो किलोमीटरच्या दोन सीमांवर आणि साडेसात हजार किलोमीटरहून अधिक लांबीच्या किनाऱ्यावर अहोरात्र पहारा ठेवावयाचा आहे, त्याने पहारेकऱ्याचे घोडे जुन्या बाजारातून निवडावेत, ही स्थिती कायमची मानता येणार नाही.

दुसऱ्याच्या दारात गिऱ्हाईक म्हणून उभे राहण्याची आणखी एक किंमत असते आणि ती भारताने मोजली आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये एम्ब्राएरने निरनिराळ्या देशांतील लाचखोरीच्या प्रकरणांत अमेरिकी आणि ब्राझिली अधिकाऱ्यांशी तडजोड करून २० कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचे मान्य केले. त्या प्रकरणांत भारताचाही उल्लेख होता. सुमारे २०.८ कोटी डॉलरच्या या तीन विमानांच्या करारासंबंधात एका दलालाला खोट्या कराराच्या आडून सुमारे ५८ लाख डॉलर देण्यात आल्याचे अमेरिकी न्याय खात्याने जाहीर केले. केंद्रीय अन्वेषण विभागाने त्यावर गुन्हाही नोंदविला. शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे खपून जे उभे केले, त्यावर दलालाची सावली पडावी, हे क्लेशदायक आहे. आणि ही सावली नेमकी विमानाच्या त्या भागावर पडली, जो भाग विकत आणलेला होता.

संख्येचा प्रश्नही याच्याशीच निगडित आहे. तीन ‘फाल्कन’ आणि तीन ‘नेत्र’, एवढी या मोठ्या हवाई दलाची आकाशातील दृष्टी. विमान म्हटले की त्याला दुरुस्ती आली, तपासणी आली, विश्रांती आली. एक विमान सतत हवेत ठेवावयाचे तर तीन-चार विमाने जमिनीवर असावी लागतात. पाकिस्ताननेही स्वीडनच्या साब-२००० या प्रादेशिक प्रवासी विमानावर बसविलेले रडार घेऊन ही उणीव फार पूर्वीच ओळखली आहे. मे २०२५ च्या संघर्षात सुमारे ३०० किलोमीटर अंतरावरून पाकिस्तानचे एक मोठे विमान पाडण्यात आले आणि ते टेहळणीचे अथवा पूर्वसूचनेचे विमान असावे, असे हवाई दलप्रमुखांनी त्या वर्षी ९ ऑगस्टला सांगितले. पाकिस्तानने ते नाकारले आहे. परंतु त्यातील इशारा दोन्ही देशांना सारखाच लागू पडतो. असे विमान हे शत्रूचे पहिले लक्ष्य असते, आणि ज्याच्याजवळ मोजकीच आहेत, तो एक गमावताच अर्धा आंधळा होतो.

शिवाय पाहणे आणि ओळखणे यांत अंतर असते. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी सकाळी आकाशात धुमश्चक्री चालू असताना काश्मीरमध्ये बडगाम येथे भारतीय हवाई दलाचे हेलिकॉप्टर भारतीय क्षेपणास्त्रानेच पाडले गेले. त्यातील हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरील एक नागरिक प्राणास मुकले. ती मोठी चूक होती, अशी कबुली हवाई दलप्रमुखांनी त्याच वर्षी दिली. आकाशातील प्रत्येक ठिपक्याची ओळख पटवून ती क्षणार्धात तोफेजवळच्या माणसापर्यंत पोहोचविणे, हेच या सर्व यंत्रणेचे अंतिम प्रयोजन आहे. विमानांची संख्या वाढली, पण त्यांचे सांगणे ऐकणारी व्यवस्था शिथिल राहिली, तर डोळे असून उपयोग नाही.

मग कर्तव्य काय? तातडीच्या गरजेसाठी मिळतील ती विमाने घेऊन ‘नेत्र’ची संख्या वाढवावी, हे क्रमप्राप्तच आहे. परंतु त्याबरोबर पुढील तीस वर्षांसाठी एक प्रादेशिक प्रवासी विमान देशात आखण्याचा निर्णय झाला पाहिजे, आणि तो नागरी विमान वाहतूक व संरक्षण या दोन्ही खात्यांनी मिळून घेतला पाहिजे. ‘उडान’ योजनेखाली २०१७ पासून लहान गावांत विमाने उतरू लागली आहेत. या गावांना विमान हवे आणि सीमेलाही तेच विमान हवे, हा योग सुदैवाचा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सने रशियाच्या एसजे-१०० या प्रवासी जेटच्या उत्पादनासाठी सामंजस्य करार केला. वडोदऱ्याला सी-२९५ हे स्पॅनिश वाहतूक विमान बांधण्याचा कारखाना २०२४ मध्ये सुरू झाला. या गोष्टी स्वागतार्ह आहेत. मात्र त्यांचे स्वागत करताना कानपूरचा विसर पडू नये. परवान्याने विमाने जोडून कारागीर तयार होतात, पण त्यातून विमान आखणारे आपोआप तयार होत नाहीत. १९६१ पासून जोडणी करून हा देश जेथे पोहोचला आणि १९५० मध्ये शाळा काढून ब्राझील जेथे पोहोचला, त्यांतील अंतर डोळ्यांसमोर आहे. जोडणीच्या प्रत्येक करारासोबत आखणीचे काम किती आणि ते कोणत्या विद्यापीठात, कोणत्या प्रयोगशाळेत होणार, हे विचारले गेले पाहिजे. ते विचारण्याचा अधिकार ज्यांची मुले अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकून अखेर परदेशची वाट धरतात, त्या सामान्य नागरिकांचाही आहे.

अरक्कोणमला जे आठ जण गेले, ते एका जुन्या प्रवासी विमानाच्या पाठीवर देशाचा डोळा बसविण्याच्या खटपटीत गेले. त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि शिष्यांनी तो डोळा तयार करून दाखविला. त्यांच्याकडून जे व्हावयाचे होते, ते झाले आहे. ज्यांनी पंख द्यावयाचे होते, त्यांचे काम अद्याप बाकी आहे.